अंड्यावरची तारीख

श्रावण लागला की आमच्याकडे अंड्याला गिऱ्हाईक राहत नाही. आखाडात माणसं दारात येऊन ‘असतील तेवढी द्या’ म्हणतात आणि पुढच्याच आठवड्यात तीच माणसं दारावरून नुसती हात करून जातात. एरवीसुद्धा कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार. वर संकष्टी आणि एकादशी. कोंबडी वार बघून अंडं देत नाही. त्यामुळे परसातली अंडी विकायची तर आधी ती टिकवता आली पाहिजेत. सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या आमच्या गावात हे काम बायकांकडे आहे आणि त्याचा पैसाही बायकांच्याच हातात राहतो. मुलांच्या वह्या, भिशीचा हप्ता, दळणाचे पैसे त्यातून निघतात. मला याचं मोल फार वाटतं.

गावरान कोंबडी वर्षाला 50-60 अंडी देते, फार तर 70. फार्मवरची कोंबडी 300च्या घरात जाते. त्यात आमची कोंबडी पंधरा-वीस अंडी घातली की खुडूक होते, पाटीवरून उठत नाही, आणि तिचं अंडं बंद होतं. इतक्या थोड्या मालात एक अंडं नासलं तरी जाणवतं.

कोंबडीच्या पोटात एक अंडं तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात. त्यातले 20 तास नुसतं कवच चढण्यात जातात. म्हणून तिची वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि मध्येच एक दिवस खाडा पडतो. सकाळी एकदा पाटी बघून भागत नाही, दुपारीही बघावी लागते. अंडं तसंच राहिलं तर दुसरी कोंबडी त्यावर बसते, त्याला ऊब लागते, पायाचा चिखल लागतो. मुंगूस आणि धामण तर टपलेलीच असतात. पाटीत भाताचा पेंढा कोरडा ठेवला की निम्मं काम होतं, कारण अंडी मळतच नाहीत.

अंडं धुवायचं नाही, हा माझा पक्का नेम आहे. नुकतं घातलेलं अंडं हातात घेतलं तर ओलसर लागतं आणि बघता बघता कोरडं होतं. तो ओलसर थर वाळून कवचावर बसतो. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, ती या थराने बुजतात. पाण्याने घासलं की थर जातो आणि बाहेरची घाण आत शिरायला वाट मिळते. विष्ठेचा डाग असेल तर मी कोरड्या फडक्याने पुसते. फार मळलेलं अंडं विक्रीला काढतच नाही, ते त्याच दिवशी घरात लागतं.

सासूबाई गाडग्यात चुलीची राख घालून त्यात अंडी पुरून ठेवायच्या. मी रुंद तोंडाचा माठ वापरते. तो ओल्या वाळूत बसवायचा, भोवती ओलं गोणपाट गुंडाळायचं, आत चाळणी पालथी घालून तिच्यावर अंडी ठेवायची. निमुळतं टोक खाली, बोथट टोक वर. बोथट टोकाकडे हवेची पोकळी असते, ती वर राहिली की बलक मधोमध राहतो. उन्हाळ्यात वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं. कळपात कोंबडा असला की अंड्यात जीव धरलेला असतो, आणि साधारण 20-21 अंशांच्या वर तो हळूहळू वाढायला लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या खोलीत अंडी ठेवली तर फोडल्यावर आत रक्ताचं कडं दिसतं. त्यामुळे खाण्याची अंडी हवी असतात त्या दिवसांत कोंबडा वेगळा डालग्याखाली ठेवते. फ्रिज आहे, पण त्यातलं अंडं बाहेर काढलं की त्याला घाम फुटतो आणि ती ओल कवचातून आत जाते. फ्रिजमध्ये ठेवलेली अंडी मी दारात आलेल्या माणसालाच देते, बाजारात नेत नाही.

प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने तारीख घालते. शंका आली तर अंधाऱ्या खोलीत मुठीत अंडं धरून मोबाइलची बॅटरी बोथट टोकाला लावते. ताजं असेल तर पोकळी नखाएवढी दिसते आणि बलकाची नुसती सावली हलते. जुनं झालं की आतलं पाणी उडून पोकळी मोठी होते. म्हणूनच पाण्यात टाकलेलं ताजं अंडं तळाला आडवं पडतं, जुनं उभं राहतं आणि फार जुनं तरंगतं.

बाजारात लोक तारखेपेक्षा रंग बघतात. गावरान म्हटलं की तपकिरीच हवं, असा समज आहे. त्याचा फायदा घेऊन पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून विकणारे आहेत, आणि त्यांचा मला मनापासून राग येतो. खऱ्या गावरान अंड्यांत एक पांढुरकं, एक बदामी, एक फिकट तपकिरी असं सगळं असतं. वजन 40 ग्रॅमच्या आसपास, फार्मच्या अंड्यापेक्षा कमीच. बलक पिवळाजर्द असतो तो मका आणि हिरवा पाला खाल्ल्यामुळे. पांढऱ्या अंड्याच्या दुप्पट दर मागते तेव्हा हे सगळं सांगते, त्यात औषधी गुण आहेत असलं काही सांगत नाही.

एक तक्रार मात्र मी आनंदाने ऐकते. “वैनी, तुमच्या अंड्याचं साल निघत नाही ओ, निम्मं पांढरं सालाबरोबर येतंय.” कालचं अंडं आज उकडलं की असंच होणार. आठवडाभराचं झालं की सुटसुटीत सोलतं. बुर्जीच्या गाडीवाल्याला हे ठाऊक आहे. उकडायला तो माझ्याकडून मुद्दाम जुन्या तारखेची अंडी मागून नेतो. बाळंतिणीच्या घरी कालची-परवाची, गाडीवाल्याला सात-आठ दिवसांची, अशी वाटणी होते आणि माल पडून राहत नाही.

2021च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लू सापडला, तेव्हा इतक्या लांब असूनही आमच्याकडची विक्री बसली. नीट उकडलेल्या अंड्यात तो विषाणू टिकत नाही, हे घरोघरी सांगत फिरले. चारच घरं घेत राहिली. ती घरं आजही माझ्या यादीत पहिली आहेत.

उबवायला अंडी मागणाऱ्या बायकांचा हिशेब वेगळा. खायला हवीत की बसवायला, हे मी आधी विचारून घेते. बसवायची असतील तर कोंबडा कळपात सोडल्याला आठवडा तरी झालेला हवा, अंडी फ्रिजमधली नकोत, आठवड्याच्या आतली हवीत, आणि मोटारसायकलवरून खडखडत नेलेली चालत नाहीत. वस्तीवरची एक मावशी दरवर्षी पाटीत भुस्सा घालून चालत येते, एकेक तारीख वाचते, दहा-बारा निवडते आणि जाताना विचारते, “सातव्या दिवशी बॅटरी लावून बघायला येशील नव्हं?” मी जाते. शिरा दिसल्या नाहीत ती अंडी बाजूला काढते आणि तेवढे पैसे तिला परत देते.