बोर्ड बदलला तेव्हा

कारंज्याच्या एसटी स्टँडामागे टिनाचा एक गाळा होता. आत दोन व्हिडिओ गेम, एक स्टूल आणि गाळा चालवणारे दादा. रुपयाला एक डाव. १९९५ साली शाळा सुटली की माझे पाय घराकडे नाही, तिकडे वळायचे.

माझा गेम एकच, स्ट्रीट फायटर टू. १९९१चा मूळ गेम आठ जणांचा; आमच्याकडे पुढच्या वर्षीची चॅम्पियन एडिशन होती, तिच्यात शेवटचे चार खलनायकही घेता यायचे. मी बायसन घ्यायचो. लाल कपड्यातला तो हुकूमशहा इतका जबर, की त्याच्या कैचीलाथा सुरू झाल्या की समोरचा नुसता अडवत बसे आणि अडवता अडवताच त्याची लाईफ संपे. कॉलेजातले पोट्टेही माझ्याकडून हरायचे. मला वाटे, सगळी करामत माझ्या हाताची.

एक दिवस दादांनी मशीनचं मागचं फळकूट उघडलं आणि अकोल्याहून आणलेला दुसरा बोर्ड आत बसवला. हायपर फायटिंग. खोकं तेच, स्टिक तीच; पण गेम भन्नाट पळायला लागला आणि बायसन नरम पडला. तिकडे जपानात गेम बनवणाऱ्या कॅपकॉमवाल्यांनी त्याचे दात काढले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा मी मशीनलाच लाथ घातली.

दादा रागावले नाहीत. "योग्याले घे," म्हणाले. योगी म्हणजे धालसिम, त्या गेममधला एकटा भारतीय. गळ्यात कवट्या, तोंडातून आग, रबरासारखे हातपाय. हळू म्हणून त्याला कोणी घेत नसे. नव्या बोर्डात त्याला गायब होऊन भलतीकडे निघायची विद्या मिळाली होती, पण दादांनी ती शिकवलीच नाही. खडूचा तुकडा घेऊन त्यांनी पडद्याच्या काचेवर उभी रेघ ओढली. "इथवर येऊ दे त्याले. मंग पाय टाक. जवळ काऊन जातं बे?" महिनाभर मी त्या रेघेकडे बघत हरलो. डाव दादांच्या खात्यावर. मग जिंकायला लागलो. रेघ कधी पुसली गेली, लक्षातही आलं नाही.

पुढच्या जूनमध्ये मी दहावीला गणितात उडालो. बाबांनी फेरपरीक्षेच्या फॉर्मला पैसे द्यायला साफ नकार दिला. गाळ्यात जाऊन मुकाट बसलो तर दादा म्हणाले, "तुह्या बोर्डाले ऑक्टोबर असते नं?" त्यांनी गल्ल्याचा डबा स्टुलावर उपडा केला. फी भरली ती सगळी रुपया-रुपयाच्या नाण्यांत. शाळेतल्या बाबूंनी ती दोनदा मोजली आणि दोन्ही वेळा माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. ऑक्टोबरला सुटलो.

शिकायला अमरावतीला गेलो, दोन वर्षांनी परतलो तर गाळा बंद. दादा कुठे गेले, कोणालाच नीट सांगता येईना. त्यांचं आडनावही मी कधी विचारलं नव्हतं, याची लाज आजही वाटते.

२०२३च्या सहाव्या भागातही योगी आहे. माझा पोरगा म्हणतो, "बाबा, तो वीक आहे, दुसरा घ्या." मी त्यालाच घेतो.

कारंज्याचा कोणी जुना माणूस हे वाचत असेल, दादा ठाऊक असतील, तर एवढा निरोप द्या: फीचे पैसे परत द्यायचे आहेत. नाण्यांतच देईन.