बाळाच्या पोटावरची पाटी

पीस पोस्टिंग म्हणजे फौजी माणसाची बारशी, वाढदिवस आणि सत्यनारायण उरकून घेण्याची मुदत. बंगळूरला येऊन मला आठ महिने झाले आणि तेवढ्यात आमच्या क्वार्टर्सच्या ओळीत चार पाळणे हलले. नवरे फील्डमधून परत आले की पाळणे हलणारच, हिशेब सोपा आहे. हा विनोद मी इथं बिनधास्त करतो, कारण वाचणाऱ्यांतले निम्मे स्वतःच त्या हिशेबात बसतात.

चार पाळणे म्हणजे चार आहेर. त्यासाठी सौ. मला कमर्शिअल स्ट्रीटला घेऊन गेली. पंचवीस वर्षं नोकरी झाली, पण लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात मी इतका वेळ कधी उभा राहिलो नव्हतो. आमच्या मुलांच्या वेळी झबलं म्हणजे झबलं होतं. आजीच्या जुन्या लुगड्याचं, मऊ, समोर नाडी. फार तर एखादं बदक असायचं. आता प्रत्येक झबल्यावर वाक्य असतं आणि तेही इंग्रजीत.

पहिलं हाताला लागलं ते कॉम्बॅट छपाईचं, हातभर लांब. त्यावर लिहिलं होतं, ‘मिशन : नो स्लीप’. मी मोठ्याने हसलो. बाळ खरंच ते मिशन पार पाडतं, रोज, कुणाच्या ऑर्डरची वाट न बघता. पुढचं सौ.ने माझ्यासमोर धरलं. ‘अहो, हे वाचा.’ आईची गाढ झोपलेली अवस्था बघून कीव यावी, अशा वयातल्या बाळाच्या छातीवर लिहिलेलं होतं की मी गोड वाटत असेन तर माझ्या आईला बघा. म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या कोणीही त्या बाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळावं, असं निमंत्रण तिच्याच लेकराच्या अंगावरून. सौ.ने ते घडी घालून खाली ठेवलं.

तिसरा गुलाबी फ्रॉक होता, सहा महिन्यांच्या मुलीच्या मापाचा. त्यावर मुलांना ताकीद : सांभाळून राहा, माझ्या बाबांकडे बंदूक आहे. दुकानदाराला मी फौजी आहे हे दिसत होतं. त्याला वाटलं मला हा आवडेल. त्याने दोनदा पुढे केला.

माझ्याकडे खरंच बंदूक असते, म्हणून हे सांगतो. कोतमधून, म्हणजे शस्त्रागारातून, हत्यार घेताना रजिस्टरवर नंबर आणि सही. परत करताना पुन्हा सही. चेंबर रिकामं आहे हे माहीत असलं तरी नळी माणसाकडे वळवायची नाही, हे रिक्रूटला पहिल्या आठवड्यात शिकवतात. गमतीत वळवणाऱ्याला जो रगडा मिळतो तो जन्मभर लक्षात राहतो. आणि इथं सहा महिन्यांच्या पोरीच्या पोटावर ती बंदूक चेष्टेत ताणलेली, कुणावर, तर तिच्या ओळखीचाही नसलेल्या कुण्या भावी पोरावर. त्यात ती पोर म्हणजे पहाऱ्यात ठेवायची चीज. तिला अजून चालताही येत नाही.

आता तुमच्यातले काही म्हणतील, सुभेदार साहेब पेन्शनला आले, विनोद कळेनासा झाला. तसं नाही. बराकीतला विनोद ज्याने ऐकलाय त्याचे कान नाजूक राहतच नाहीत. कानांवरून, घोरण्यावरून, बायकोच्या फोनवरून, जातीपातीची आणि गावाची टर उडवून आम्ही एकमेकांना सोलतो. पण ज्याला सोललं तो संध्याकाळी मला सोलू शकतो. माझ्या घोरण्यावर एका नाशिककर हवालदाराने पूर्ण पोवाडा रचला होता, तोही बडा खान्याला सगळ्यांसमोर म्हणून दाखवला. मी त्याचा हिशेब महिनाभराने चुकता केला. शिवाय कुणाच्या घरून वाईट तार आली (आता फोन येतो) की ती गंमत तिथंच थांबते, कुणी सांगावं लागत नाही. बाळ उलट बोलू शकत नाही, आणि त्याच्या अंगावरचं वाक्य कुणाच्या घरचं काय चाललंय ते बघून थांबत नाही.

हे मला त्या चारांतल्या तिसऱ्या बारशाला दिसलं. बाळाचा बाप माझ्याच जिल्ह्यातला, साताऱ्याचा. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्यातला बराच काळ तो उत्तर सिक्कीमसारख्या ठिकाणी आणि ती गावाकडे. गावाला वेळ भरपूर असतो. कुणी औषधं सुचवली, कुणी देव सुचवले, आणि शेवटी दिवस राहिले तेव्हा कुणीतरी बोटांवर रजेचे महिने मोजले. हे मोजणं त्या वहिनींच्या कानावर गेलं होतं. सौ.ला त्यांनी एकदा सांगितलं होतं.

सेक्शनच्या पोरांनी वर्गणी काढून बाळासाठी खास छापून घेतलेलं झबलं आणलं. पांढरं, सुती, उत्तम कापड. वर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत, ‘मेड ऑन अ‍ॅन्युअल लीव्ह’. खाली छोटा शिक्का, ‘सँक्शन्ड’. फौजी डोक्याचा विनोद, आणि खोटं कशाला बोलू, चांगला होता. हॉल हसला. बापही हसला. कुणीतरी बाळाला ते घालून फोटो काढले.

पाळण्याजवळ आजी बसल्या होत्या. गावाहून पहिल्यांदाच बंगळूरला आलेल्या. त्यांनी मला विचारलं, ‘काय लिवलंय वो सायेब त्येच्या पोटावर?’

मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाल्या, ‘बाबांचा लाडका, असं लिहिलंय, आत्या.’ आणि बाळाला उचलून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा बाळाच्या अंगावर पिवळं झबलं होतं, त्यावर काहीच नव्हतं. लाळ गळली होती म्हणाल्या.

आपल्या लोकांनीही बाळांच्या अंगावर वाईटसाईट शब्द घातलेच आहेत, हे मात्र मान्य करायला हवं. दगडू, धोंडू, केरबा. पोरं जगत नसत, तेव्हा काळाची नजर पडू नये म्हणून मुद्दाम भिकार नाव ठेवायचे. त्या नावामागे आईचा जीव टांगलेला असे. पण त्याच साताऱ्यात दुसरं नावही होतं. माझ्या शाळेत हजेरी घेताना गुरुजी म्हणायचे, ‘नकुशी’, आणि मागच्या बाकावरून आवाज यायचा, ‘हजर’. नको असलेली. मुलगा हवा असताना झालेली तिसरी-चौथी मुलगी. वर्गात कुणी हसायचंही नाही, इतकं ते सवयीचं झालं होतं. दगडूचं नाव काळाला फसवायला होतं. नकुशीचं कुणाला फसवायला होतं? तो घरच्यांचा निकाल होता आणि तो तिने स्वतः रोज ‘हजर’ म्हणून वाचून दाखवायचा. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात समारंभ करून अशा अडीचशेहून जास्त मुलींची नावं बदलली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. माझ्या वर्गातली तोवर सासरी गेली होती. लग्नात नाव बदलायची आपली जी रीत आहे, तिचा एखाद्या बाईला फायदा झाला असेल तर तो तिला.

झबलं काढता येतं, नाव काढता येत नाही, एवढा फरक आहेच. तरी मोठमोठ्या कंपन्यांना झबलंसुद्धा जड गेलंय. ऑगस्ट २०१४ मध्ये झारा कंपनीने लहान मुलांचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट काढला, छातीवर पिवळी सहा टोकांची चांदणी. म्हणे काऊबॉय सिनेमातल्या शेरीफचा बिल्ला. लोकांना त्यात हिटलरच्या छळछावणीतल्या ज्यूंचा गणवेश दिसला, आणि तो ज्याने एकदा फोटोत पाहिलाय त्याला दुसरं काही दिसणं शक्यही नाही. माल मागे घेतला, माफी मागितली. जानेवारी २०१८ मध्ये एच अँड एमने एका काळ्या मुलाला हुडी घालून फोटोत उभं केलं. हुडीवर शब्द होते, जंगलातलं सगळ्यात भारी माकड. माकड म्हणून आपण घरातल्या प्रत्येक पोराला हाक मारतो. पण ज्या लोकांना शेकडो वर्षं शिवी म्हणून तोच शब्द ऐकावा लागला, त्यांच्या पोराच्या छातीवर तो दुकानाने लिहायचा नसतो.

या दोन्हींत निदान कुणी माणसाने डिझाइन पास केलं असेल. मार्च २०१३ मधलं प्रकरण त्याहून विचित्र. ब्रिटनने १९३९ मध्ये युद्धासाठी एक पोस्टर छापलं होतं, ‘शांत राहा आणि आपलं काम करत राहा’ अशा अर्थाचं. सॉलिड गोल्ड बाँब नावाच्या कंपनीने त्या वाक्यात कॉम्प्युटरकडून शब्द बदलून घेऊन टी-शर्ट अ‍ॅमेझॉनवर टाकले. त्यांतल्या एकावर शांत राहा आणि बलात्कार करा, असं निघालं. कंपनीचं म्हणणं, आम्ही कुणी वाचलंच नव्हतं, असा शर्ट छापलेलाही नव्हता. ऑर्डर आली की छापायचा, तोवर नुसता फोटो. आणि हे परदेशातच होतं असं नाही. मीशो आणि फ्लिपकार्ट, दोघांचं मुख्यालय याच बंगळूरमध्ये. नोव्हेंबर २०२४ मध्ये लॉरेन्स बिश्नोईचं तोंड आणि ‘गँगस्टर’ असे शब्द छापलेले टी-शर्ट ऑनलाइन विकले जाताहेत म्हणून ओरड झाली, त्यात या दोघांचीही नावं आली. महाराष्ट्र सायबरने काही साइटवरच्या विक्रेत्यांवर कारवाई केली. बाबा सिद्दीकींचा बांद्र्यात खून होऊन तेव्हा महिनाही उलटला नव्हता.

न वाचता कसं छापतात, ते मी स्वतः पाहिलं. रिक्रूटांच्या स्पोर्ट्ससाठी साठ टी-शर्ट हवे होते, म्हणून शिवाजीनगरच्या एका छापखान्यात गेलो. अक्षरं आधी प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर उलटी छापतात, वर डिंकाची भुकटी मारतात आणि गरम प्रेसखाली कापडावर दाबतात. मालकाला विचारलं, लोक आणतात ते मजकूर वाचता का? तो म्हणाला, ‘साब, पढ़ता नहीं. उल्टा-सीधा देखता है बस.’ कशाला नाही म्हणता का कधी? देवाचं नाव चड्डीवर छापत नाही म्हणाला. पलीकडे टेबलावर वाळत ठेवलेल्या बाळांच्या झबल्यांची चळत होती. मी वाचायला गेलो नाही.

आमच्या झबल्याची कल्पना ज्या नाईकची होती, तो बारशानंतर तीन-चार दिवसांनी माझ्याकडे आला. ‘साहेब, वहिनी रागावल्या का?’ पोरगा मनाने चांगला आहे, आणि फोटोत बाळाचे कपडे मध्येच बदललेले त्याच्या नजरेला आले होते. मी म्हटलं, मला काय विचारतोस, घर जवळ आहे, जा. तो गेला. त्यांनी त्याला चहा दिला. मग म्हणाल्या, ‘भाऊजी, विनोद तुमच्या दादांना सांगायचा होता ना, त्यांच्या अंगावर छापायचा. ह्याला वाचता येत नाही, पण गावाला येतं. फोटो कुणी ग्रुपवर टाकले असतील तर काढायला सांगा.’

त्याने रात्रभर बसून सगळ्यांकडून फोटो काढायला लावले. गावाकडे एक पोचला होता, तो पोचलाच. त्याचं काय झालं ते वहिनींनी कुणाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

झबलं त्यांनी टाकलेलं नाही. दूध पुसायला वापरतात. कापड खरंच चांगलं आहे.