बोलता येईल एवढाच वेग

आज तळजाई टेकडीच्या चढावर पाय जड झाले, तेव्हा थांबले नाही. वेग कमी केला. नव्याने धावणाऱ्याचा उत्साह बहुतेकदा वेगामुळेच मरतो, असं मला आता ठामपणे वाटतं. सोबत्याशी सलग बोलता येईल एवढंच धावावं, मध्ये खुशाल चालावं. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात. कंडरा आणि हाडं मात्र सावकाश, महिन्यांच्या हिशेबाने बळकट होतात. म्हणूनच दम पुरू लागतो आणि नेमकी तेव्हाच नडगी ठणकते. या एका दुखण्यापायी किती जणांनी बूट माळ्यावर टाकले असतील! ठणक असेल त्या दिवशी विश्रांती घेणं हाही सरावच.

अशा दिवशी उमेद टिकवायला धावपटू ललिता बाबर मला फार जवळची वाटते. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातली, मोही गावची ही मुलगी २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली, दहावी आली. पदक नव्हतं, तरी ती शर्यत आठवली की माझे हात बुटांच्या नाड्या बांधायला लागतात.

उद्या सहाला मैत्रीण फाटकापाशी येणार आहे. ती वाट पाहत उभी राहील, म्हणून तरी मी उठेनच.