आजची भाकर

प्रभू येशूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण परमपित्यापाशी भाकर मागतो, तेव्हा एकाच वाक्यात काळाचे दोन शब्द उच्चारतो. भाकर रोजची हवी असते आणि ती आज हवी असते. वर्षाची बेगमी आपण मागत नाही, महिन्याचा शिधाही मागत नाही. दिवसातून किती वेळा ही प्रार्थना आपल्या ओठांवर येते! मिस्साबलिदानात येते, जपमाळेच्या प्रत्येक दशकाच्या आरंभी येते, रात्री मुलांना निजविताना येते. इतक्या सरावाने म्हटलेल्या शब्दांतील हे ‘आज’ आपल्या ध्यानात राहते का, हा प्रश्न अलीकडे मला वारंवार पडतो.

तो पडण्याचे कारण माझ्या धर्मग्रामातील कुटुंबेच आहेत. पुण्यासारख्या शहरात माणूस दहा-वीस वर्षे पुढे जगत असतो. घराचे हप्ते वीस वर्षांचे, मुलीच्या शिक्षणाची तरतूद तिच्या बारशापासून, आणि नोकरी मात्र आज आहे, उद्या असेलच असे नाही. घर आशीर्वादित करावयास गेलो की नव्या भिंतींआड जुनी धास्ती दिसते. अशा घरांत देवावर श्रद्धा नसते असे नाही. परंतु ती मोठ्या संकटासाठी राखून ठेवलेली असते. रोजच्या दिवसाचा भार ज्याने त्याने एकट्याने वाहावा, अशी आपली समजूत झालेली आहे.

नगर रस्त्यावरील पेपल सेमिनरीत मी शिकत होतो, तेव्हा नव्या कराराच्या तासाला आमच्या गुरुजींनी या प्रार्थनेतील एका शब्दावर बराच वेळ घेतल्याचे स्मरते. मत्तय आणि लूक या दोन्ही शुभवर्तमानांत ‘रोजची’ या ठिकाणी ‘एपिऊसियोस’ हा ग्रीक शब्द आहे. नव्या करारात तो अन्यत्र कोठेही येत नाही. संत जेरोम यांनी लॅटिन भाषांतर सिद्ध करताना लूकमध्ये त्याचा अर्थ ‘नित्याची’ असा केला, तर मत्तयमध्ये ‘सर्व द्रव्यांपलीकडची’ असा केला. एकाच शब्दात ताटातील भाकर आणि वेदीवरील ख्रिस्तप्रसाद, दोन्ही ख्रिस्तसभेने ऐकले. शरीराची भूक आणि आत्म्याची भूक आपण वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो, प्रभू मात्र त्या दोहोंसाठी एकदाच हात पसरावयास शिकवितो.

या मागणीची मुळे निर्गमाच्या ग्रंथात आहेत. अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना मिळे, तो माणशी एक ओमर, त्या दिवसापुरताच. शब्बाथाच्या आदल्या दिवशी तेवढा दुप्पट गोळा करावयाचा. एरवी ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी साठविला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले. बालपणी ही कथा मला शिक्षेची वाटे. तिचा खरा अर्थ मला पुढे आईच्या स्वयंपाकघराने उलगडून दाखविला.

आमचे गाव नगर जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळात मी आईच्या कडेवर होतो. आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडीत, आणि घरात परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी होई. ते दिवस सरले, शेतात पुन्हा ज्वारी आली, गावात पिठाची गिरणीही आली, तरी आई कधी फार दळण आणीत नसे. ज्वारीचे पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते, हे आपल्या आयाबहिणींना सांगावयास नको. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापताना चिरते, हातावर मोडते. कणगीत ज्वारी भरपूर असली, तरी भाकरीसाठी पीठ ताजेच लागते. आई पिठाच्या पहिल्या गोळ्यावर क्रूसाची खूण करी आणि मगच थापावयास घेई. देवाची कृपाही अशीच आहे, असे मला वाटते. कालच्या प्रार्थनेवर, गतवर्षीच्या तपसाधनेवर, लहानपणी पाठ केलेल्या धर्मशिक्षणावर आजचा दिवस थापू गेलो की तो चिरतो. कालची कृपा खोटी नव्हती. ती कालच्यासाठी होती.

यावर कोणी म्हणेल, ‘फादर, मग उद्याचा विचार करावयाचाच नाही का?’ याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव लागते. तेथील मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंनी उभारले. रमाबाई आपल्या कॅथॉलिक पंथाच्या नव्हत्या. परंतु अन्य ख्रिस्ती बंधुभगिनींच्या ठायी असलेली ख्रिस्ताची देणगी आपण आनंदाने मान्य करावी, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ च्या ख्रिस्तैक्याविषयीच्या आदेशात आपल्याला शिकविले आहे. म्हणून त्यांचे उदाहरण मी निःसंकोच घेतो.

रमाबाईंना भूक पुस्तकातून ठाऊक झालेली नव्हती. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत कुटुंबासह देशभर फिरत. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि बहीण असे तिघेही त्यांनी गमावले. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. अमेरिकेतील हितचिंतकांनी या कार्यास दहा वर्षे साहाय्य देण्याचे वचन दिले होते. ती मुदत १८९८ मध्ये सरणार होती. पुढे संस्था आपल्या पायांवर उभी राहावी, म्हणून रमाबाईंनी केडगावला जमीन घेऊन फळबाग लावली. म्हणजे उद्याचा विचार त्यांनी चोखपणे केला होता.

परंतु १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि सारा हिशेब मोडला. रमाबाई तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग होता. या मुलींना ठेवणार कोठे? केडगावच्या शेतात निवारे उभे राहिले. १९०० मध्ये गुजरातेतील दुष्काळपीडित मुलीही आल्या, आणि आश्रमातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. जॉर्ज म्यूलर, हडसन टेलर आणि जॉन पेटन या तिघांची चरित्रे रमाबाईंनी पूर्वीच वाचली होती. इतर देशांत देवावर असा विसंबून राहता येते, तर हिंदुस्थानात का येऊ नये, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून होता. आता तो प्रश्न दोन हजार ताटांचा झाला. ठरलेल्या उत्पन्नाचा आधार नसताना त्या ताटांसाठी त्या देवाकडे हात पसरीत राहिल्या.

आता याच केडगावात काय चालत असे ते पाहा. विहिरी खणल्या जात होत्या, शेती होत होती, माग चालत होते, छापखाना चालत होता, आणि ही कामे मुली व स्त्रिया स्वतः शिकत होत्या. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल साध्या मराठीत आणण्याचे प्रचंड काम रमाबाईंनी याच आश्रमात आयुष्याच्या अखेरपर्यंत केले. देवावर विसंबणारी बाई हात जोडून स्वस्थ बसली नाही. तिने कुदळही उचलली आणि गुडघेही टेकले. विहीर खणणे आपल्या हाती असते, झरा आपल्या हाती नसतो, हे दुष्काळी मुलखातील शेतकऱ्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? उद्याची तजवीज करणे हे पाप नव्हे. त्या तजविजीलाच देव मानणे हा मात्र मोह आहे.

येथवर लिहून थांबलो असतो, तर हा लेख सोपा झाला असता. परंतु देवावर भिस्त ठेवली की सर्व सुरळीत होते, असे मी लिहू शकत नाही. रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा आईचे काम पुढे चालविणार होती. ती १९२१ मध्ये वारली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही देवाघरी गेल्या. विसंबणे म्हणजे विमा उतरविणे नव्हे.

२०२१ च्या उन्हाळ्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, माझ्या धर्मग्रामातील एका भगिनीचा पती गेला. घरी दोन लहान मुले. काही महिन्यांनी ती भेटावयास आली आणि म्हणाली, “फादर, आम्ही रोज जपमाळ केली. मग देवाने काय ऐकलं?” माझ्यापाशी या प्रश्नाचे उत्तर नव्हते, आजही नाही. मी तिच्याजवळ बसलो, आणि आम्ही प्रभूची प्रार्थना तेवढी म्हटली. पुढे ती सकाळच्या मिस्साला येऊ लागली. तेथून ती कामावर जाई. वर्षभराने मी सहज विचारले, “कसं चाललं आहे, बाई?” ती म्हणाली, “आजच्यापुरतं मिळतं, फादर. उद्याचं उद्या मागते.” शेजारच्या एका आजारी वृद्धेला आपल्याच डब्यातली भाजी-भाकरी ती देऊन येते, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळले.

फलद्रूप ख्रिस्ती जीवन म्हणतात ते याहून वेगळे असते असे मला वाटत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू द्राक्षवेल आणि फाटे यांचा दाखला देतो. फाटा रस साठवून ठेवीत नाही. वेलीला जडून राहतो, म्हणूनच त्याला फळ धरते, आणि ते फळ दुसऱ्याच्या मुखी पडते. प्रभूच्या प्रार्थनेतही आपण ‘माझी’ भाकर मागत नाही, ‘आमची’ मागतो. ज्याने आपली भाकर आज देवाच्या हातून घेतली, त्याला शेजाऱ्याची भूक दिसू लागते. साठा राखीत बसलेल्याला ती दिसत नाही.

प्रिय वाचकहो, उद्या पहाटे उठाल तेव्हा फार लांबलचक प्रार्थनेची आवश्यकता नाही. दिवसाचे जे काम समोर असेल, हप्ता असो, परीक्षा असो, रुग्णाची उशाशी बसून करावयाची सेवा असो, ते नाव घेऊन परमपित्यापुढे ठेवा आणि त्या एका दिवसापुरती शक्ती मागा. मग कामाला लागा. रात्री निजण्यापूर्वी काय मिळाले आणि त्यातले कोणाला दिले, एवढेच आठवा. जमेल तेव्हा मिस्साला या आणि वेदीवरील भाकर त्याच रिकाम्या हातांनी घ्या. परवाची चिंता मनात आली तर तिला सांगा, की परवाही देवाचाच दिवस असेल आणि त्या दिवशी आपण पुन्हा मागू.