हुकमी वळण

क्रांती चौक,
छत्रपती संभाजीनगर
रविवार



गोल्फचा चेंडू सरळ जात नाही. गेला असे वाटते तेव्हाही तो हवेत एका अंगाला थोडा कललेलाच असतो, फक्त नजरेला तेवढा कल जाणवत नाही. त्यामुळे ‘आधी सरळ मारायला शिकतो, मग बाकीचे’ हा नवशिक्याचा बेत सहसा तडीस जात नाही. चेंडू नेहमी कोणत्या बाजूला वळणार हे ठरवून घ्यायचे आणि त्या वळणाला आवर घालायचा, हा जाणत्या खेळाडूंचा रस्ता. या नेहमीच्या वळणाला गोल्फमध्ये ‘शॉट शेप’ म्हणतात. क्रिकेटमध्ये गोलंदाजाचा हुकमी चेंडू असतो, तसे हे फटक्याचे हुकमी वळण.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे निघून हलकेच उजवीकडे येतो तो फेड, आणि उजवीकडे निघून डावीकडे येतो तो ड्रॉ. हीच वळणे हाताबाहेर गेली की फेडचा स्लाइस होतो आणि ड्रॉचा हुक. डावखुऱ्याचे सगळे उलटे.

वळणाचे मूळ फिरकीत आहे. फिरणारा गोळा हवेतून जाताना बाजूला का ढकलला जातो, याचा अभ्यास माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञाने १८५२ च्या सुमारास केला आणि त्या परिणामाला त्याचेच नाव पडले. गोल्फच्या चेंडूवर ते गणित बसवले एडिंबराच्या प्राध्यापक टेट यांनी, १८९० च्या दशकात. चेंडू इतका वेळ हवेत तरंगतो तो उलट्या फिरकीच्या जोरावर, हे त्यांनी दाखवले. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट १८९६ आणि १८९८ मध्ये ब्रिटनचा हौशी विजेता होता. बापाचे गणित कागदावर, पोराचे गवतावर. चेंडूला उलटी फिरकी वेगळी आणि बाजूची फिरकी वेगळी असे काही नसते. फिरकी एकच, तिची आस तेवढी कलते. विमान एक पंख खाली करून वळते, तसा चेंडू कललेल्या आसेच्या बाजूला वळत जातो.

ही आस कलते दोन गोष्टींच्या तफावतीमुळे: क्लब, म्हणजे फटक्याची काठी, कोणत्या दिशेने फिरत आला आणि चेंडूला भिडताना त्याचे तोंड कुठे होते. चेंडू क्लबच्या वाटेने सुटतो आणि तोंडाच्या दिशेने वळतो, असे बरीच वर्षे शिकवले जाई. रडारवर चालणारी मोजणी यंत्रे आल्यावर हे उलटे निघाले. चेंडू सुटतो तो मुख्यतः तोंडाच्या दिशेने. ड्रायव्हरच्या, म्हणजे सगळ्यात लांब क्लबच्या, फटक्यात सुटण्याच्या दिशेचा सुमारे ८५ टक्के वाटा तोंडाचा असतो. मग तो वळतो क्लबच्या वाटेपासून लांब. समजा क्लबची वाट लक्ष्याच्या ४ अंश डावीकडे आहे आणि तोंड २ अंश डावीकडे. चेंडू जवळजवळ २ अंश डावीकडे सुटेल आणि उजवीकडे वळत लक्ष्याच्या आसपास येईल. हा झाला नीटस फेड. तोंड लक्ष्याकडेच ठेवले आणि वाट तेवढीच डावी राहिली, तर चेंडू सरळ सुटून उजवीकडे पसार होईल. जुन्या शिकवणीप्रमाणे तोंड लक्ष्याकडे रोखून वर्षानुवर्षे सराव करणाऱ्यांचे चेंडू झाडीत का जात, त्याचे उत्तर यात आहे.

क्रांती चौकात संध्याकाळी सहाच्या सुमारास उभे राहिले की हुकमी वळणाचा अर्थ गोल्फ न पाहिलेल्यालाही कळतो. उड्डाणपुलाखालून पैठण गेटकडे आणि उस्मानपुऱ्याकडे वळणाऱ्या रिक्षांत एखादी हमखास अशी असते, जिचे हँडल डावीकडे ओढते. चालवणाऱ्याला ते ठाऊक असते. तो हँडल सतत बोटभर उजवीकडे धरून ठेवतो आणि दोन दुचाक्यांच्या मधून रिक्षा बेलाशक काढतो. तीच रिक्षा कधी डावीकडे, कधी उजवीकडे ओढू लागली, तर तिला जालना रोडवर आणणेही धोक्याचे. गोल्फमध्ये या दुसऱ्या रिक्षासारखे खेळणाऱ्याला दोन्हीकडे चुकणारा म्हणतात आणि त्याला त्या अवस्थेतून बाहेर काढणे हेच शॉट शेप निवडण्यामागचे सगळे प्रयोजन.

आकडे मांडले तर हे आणखी स्वच्छ दिसते. फेअरवे, म्हणजे चेंडू टाकायचा आखूड गवताचा पट्टा, ३० मीटर रुंद धरू. ज्याचा चेंडू कधी २५ मीटर उजवीकडे तर कधी २५ मीटर डावीकडे जातो, त्याला ५० मीटर जागा लागते. तो मधोमध नेम धरतो आणि दोन्ही बाजूंनी झाडीत जातो. ज्याचा चेंडू शून्य ते २५ मीटर, पण उजवीकडेच वळतो, तो डाव्या कडेच्या जरा आत नेम धरतो. वळण आले नाही तरी चेंडू डाव्या कडेला गवतावर, पूर्ण आले तरी उजव्या कडेच्या आत. दोघांची चूक सारख्याच मापाची. एकाला तिची दिशा ठाऊक आहे, एवढाच फरक.

आता दोनपैकी कोणते वळण? याबाबत क्लबांमध्ये जी मते ऐकू येतात त्यांत पुष्कळ फुशारकी असते. ड्रॉ म्हणजे मर्दानी, फेड म्हणजे अशक्तांचा, असा एक समज आहे. त्याचे कारण इतकेच की ड्रॉ मारताना तोंड वाटेच्या मानाने मिटलेले असते, त्यामुळे क्लबचा उतार कमी होतो, चेंडू खालून जातो, फिरकी कमी घेतो आणि जमिनीवर पडल्यावर पुढे पळतो. फेड उंच जातो, जास्त फिरकी घेतो आणि पडला की थांबतो. लांबीला ड्रॉ, थांबण्याला फेड. जॅक निकलसने १८ मेजर, म्हणजे सगळ्यात मानाच्या, स्पर्धा जिंकल्या त्या प्रामुख्याने उंच फेडवर, तेव्हा अशक्तपणाची गोष्ट सोडून द्यावी. उलट दक्षिण आफ्रिकेचा बॉबी लॉक जवळजवळ प्रत्येक फटका उजवीकडून डावीकडे ठळक वळवत असे आणि त्याने ब्रिटिश ओपन चार वेळा जिंकली: १९४९, १९५०, १९५२ आणि १९५७.

या विषयातली सगळ्यात शिकण्यासारखी कहाणी मात्र बेन होगनची. टेक्सासचा हा गरीब घरातला, अंगाने बेताचा मुलगा १९३० साली, विशीच्या आतच, व्यावसायिक झाला. कमी पडणारी ताकद भरून काढायला त्याने ड्रॉ जवळ केला, आणि ऐन दडपणात त्या ड्रॉचा हुक होऊ लागला. हुक खाली झुकून जमिनीवर पळत सुटतो. स्लाइस निदान कुठेतरी थांबतो. वैयक्तिक स्पर्धेतले पहिले विजेतेपद मिळायला होगनला १९४० उजाडले. १९४० च्या दशकाच्या मध्यावर त्याने डाव्या हाताची पकड दुबळ्या दिशेला वळवली, मनगटाची ठेवण बदलली आणि तोंड लवकर मिटणारच नाही अशी तजवीज केली. ड्रॉ गेला, फेड आला. १९४६ मध्ये पहिली मेजर. फेब्रुवारी १९४९ मध्ये त्याच्या गाडीवर समोरून बस आदळली; तो पुन्हा चालेल की नाही याचीच शंका होती. १९५० साली मेरियनच्या मैदानावर दुखऱ्या पायांनी त्याने यूएस ओपन जिंकली. हल्लीच्या काळात डस्टिन जॉन्सनने आपला जुना ड्रॉ बाजूला ठेवून ड्रायव्हरवर फेड घेतला आणि २०१६ मध्ये यूएस ओपन मिळवली. दोघांनीही थोडी लांबी देऊन खात्री विकत घेतली.

शनिवार-रविवारी खेळणाऱ्याने यातून आपल्यापुरता हिशेब काढताना एक गोष्ट ध्यानात धरावी. होगनचा आजार हुक होता. बहुतेक हौशी खेळाडूंचा आजार स्लाइस असतो, आणि स्लाइस हे काही निवडलेले वळण नव्हे. क्रिकेटवरून आलेल्या खेळाडूच्या फटक्यात तर तो पहिल्या दिवसापासून दिसतो: क्लब बाहेरून आत येतो आणि तोंड उघडे राहते. अशाने एकदम ड्रॉ शिकायला घेतला की काही आठवड्यांत दोन्हीकडे चुकणारा तयार होतो. त्यापेक्षा स्लाइसची काटछाट करून त्याचा फेड करावा. वळणाची बाजू तीच, माप निम्मे.

तोंड फार उघडे राहते की काय, हे हातांकडे पाहून बरेचसे कळते. क्लब धरून मान खाली घातली की डाव्या हाताच्या मुठीवरची किती हाडे दिसतात? एकच दिसत असेल तर पकड दुबळी, तोंड उघडण्याकडे कल. दोन ते तीन दिसली तर बेताची. चारही दिसू लागली तर हुक फार दूर नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली रेघ उजव्या खांद्याकडे जावी. ही पकड बदलली की पहिले काही दिवस क्लब परका वाटतो.

त्याआधी एक तपासणी करून घ्यावी, आणि ती बहुतेक जण टाळतात. व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर ठसठशीत ठिपका काढायचा, तो ठिपका क्लबकडे करून चेंडू टीच्या खुंटीवर ठेवायचा आणि मारायचा. ड्रायव्हरच्या तोंडावर शाई उमटते. असे वीस चेंडू मारून प्रत्येकाचा डाग पुसण्याआधी पाहायचा. डाग टाचेकडे असेल, म्हणजे दांड्याच्या बाजूला, तर चेंडू उजवीकडे वळण्याची ओढ घेतो. पंजाच्या टोकाकडे असेल तर डावीकडे. ड्रायव्हरचा गुरुत्वमध्य तोंडापासून बराच मागे असल्यामुळे हे फार ठळकपणे घडते. डाग इकडेतिकडे विखुरलेले असतील तर वळणाची चर्चा थांबवून आधी चेंडू मधोमध लागण्याचा सराव करावा. डाग एका जागी आणि चेंडू एका बाजूला, अशी जोडी जमली की निवड झालीच म्हणायची. वीसपैकी पंधरा चेंडू ज्या बाजूला गेले ती बाजू आपली. ड्रायव्हरमध्येही आता वजने सरकवण्याची सोय असते. तिचा उपयोग शेवटी, पाच-सात मीटरच्या दुरुस्तीसाठी करावा.

मैदान आणि ऋतू यांचाही निवडीवर हात असतो. आपल्याकडच्या बहुतेक फेअरवेंवर बर्म्युडा गवत किंवा त्याचे संकर असतात, आणि बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच, गणपतीला वाहायची दूर्वा. मे महिन्यात हरळीखालची जमीन तापून टणक होते, ड्रॉ पडल्यावर पळत झाडीत जातो आणि फेडवाला निर्धास्त असतो. श्रावणात तीच जमीन ओली. चेंडू पडला तिथेच रुततो. ड्रॉचा पळ संपतो, फेडवाल्याला मात्र लांबी कमी पडू लागते. पावसाळ्यात पश्चिमेकडून वारा जोरात असतो. तो डावीकडून उजवीकडे वाहत असेल तर फेडवाल्याचे वळण दुप्पट दिसते. समोरून आला तर उंच फेड फुगून आखूड पडतो. उंचीचाही थोडा प्रश्न आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, संभाजीनगर त्याच्याच बरोबरीचे. विरळ हवेत चेंडू थोडा लांब जातो आणि थोडा कमी वळतो. येरवड्याच्या पूना क्लबच्या मैदानावर बसवलेला फेड चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सीवर नेला की किंचित जास्त वळलेला दिसतो. फरक शेकडा पाचाच्या आसपास, घाबरण्यासारखा नाही.

टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, नेमके कुठे उभे राहायचे, ही फुकट मिळणारी मदत आहे. फेडवाल्याने उजव्या खुणेजवळ चेंडू ठेवावा, म्हणजे डावीकडे तिरके पाहता येते आणि फेअरवे रुंद भासतो. ड्रॉवाल्याने डाव्या खुणेजवळ. कित्येक जण वळण बरोबर निवडतात आणि चुकीच्या कोपऱ्यात उभे राहून ते वाया घालवतात.

हुकमी वळण चालत नाही अशाही जागा असतात. लांब क्लबांनी चेंडू जास्त वळतो. वेजसारख्या उताराच्या क्लबने उलटी फिरकीच इतकी असते की वळण जवळजवळ दिसत नाही. म्हणून निवड मुख्यतः ड्रायव्हर आणि लांब आयर्नपुरती. २०१२ च्या मास्टर्सच्या प्लेऑफमध्ये, दहाव्या होलवर, डावखुऱ्या बबा वॉटसनने झाडांतून वेजने चेंडू सुमारे ४० यार्ड वळवून ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गवतावर, आणला आणि स्पर्धा जिंकली, तो अपवाद म्हणूनच लोकांच्या लक्षात आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळलेल्या, पुण्यात जन्मलेल्या अनिर्बन लाहिरीला किंवा पुण्याच्याच उदयन मानेला दोन्ही वळणे लागतात. त्यांच्या पातळीवर झेंडा कधी डाव्या तर कधी उजव्या कोपऱ्यात लपवलेला असतो. हौशी खेळाडूने असा झेंडा दिसला की ग्रीनच्या मध्यावर नेम धरावा आणि दोन हलक्या फटक्यांत (पटमध्ये) निघावे.

राहिला धोका एकच. डावीकडे नेम धरलेला, आणि चेंडू उजवीकडे यायच्याऐवजी आणखी डावीकडे गेला. याला खेळाडू डबल क्रॉस म्हणतात. फेडवाल्याला तो बहुधा तेव्हा होतो जेव्हा ऐन फटक्यात शंका येऊन हात तोंड मिटवतात. अठरा होलच्या डावात एकदा झाला तर सोडून द्यावे. सलग तीन-चार डावांत, प्रत्येक वेळी दोन-तीनदा होत असेल, तर वीस चेंडूंची तपासणी पुन्हा करावी. पकड नकळत चार हाडे दिसण्याच्या दिशेला सरकलेली सापडते. वळणच बदलायचे असेल तर ते मोसमाच्या शेवटी घ्यावे, स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात नाही. स्कोअरकार्डाच्या कडेला प्रत्येक ड्राइव्हपुढे उजवा किंवा डावा असा छोटा बाण काढत जावा. पाचेक कार्डे जमली की वळण कुणीकडचे, ते विचारायला कुणाकडे जावे लागत नाही.

मामा