उशीखालची पोळी

आज चादरी बदलताना लेकीच्या उशीखाली पुन्हा पोळीचा तुकडा सापडला. वाळून कडक झालेला, कडेला मुंग्या लागलेल्या. ती घरी येऊन आता 7 महिने झाले. आली तेव्हा साडेचार वर्षांची होती. त्याआधी 2 वर्षं संस्थेत, आणि त्याआधीचं कुणालाच नीट ठाऊक नाही. दत्तक प्रक्रिया पाहणाऱ्या 'कारा'मार्फत आलेल्या कागदांत वजन, उंची, लसी सगळं होतं. भुकेची नोंद कुठून असणार?

पहिल्यांदा पोळी सापडली तेव्हा मी रागावले होते. ती रडली नाही, नुसती भिंतीला चिकटून उभी राहिली. तिचं ते उभं राहणं अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. दत्तकानंतर 2 वर्षं, दर 6 महिन्यांनी पाठपुरावा होतो. त्यासाठी आलेल्या समाजसेविका ताईंनी समजावलं, "ही चोरी नाही हो, उद्याची तरतूद आहे."

तेव्हापासून तिच्या पलंगाशेजारी स्टीलचा डबा ठेवते. चुरमुरे, राजगिऱ्याचा लाडू. डबा तिचा, कुणाला विचारायचं नाही. रात्री दोन-तीनदा झाकण वाजतं. ती खात नाही, फक्त बघते. मी अंधारातच म्हणते, "आहे गं बाळा, सगळं आहे."

'विसरेल हळूहळू,' असं नातेवाईक प्रेमानंच सांगतात. मला पटत नाही. तिला आठवतच नाही, तर विसरणार काय? अंगाला तेवढं माहीत आहे.

आज काही बोलले नाही. मुंग्या झटकल्या, चादर घातली, डब्यात ताजी पोळी ठेवली. काल रात्री झाकण एकदाच वाजलं होतं.