घर धरून राहिलेली

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या. पुरुष मुंबईला आणि बायका गावात, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. त्या पिढ्यांतल्या नव्वदी गाठलेल्या आज्या आता एकेक करून जात आहेत. त्यांच्याबरोबर जे जातंय, त्याची ही यादी.

जातं. पहाटे घरघरायचं. नाचणी, तांदूळ, कुळीथ. भाऊ, लेक, विठ्ठल सगळे ओवीत यायचे. जे सासरी कुणाला सांगता येत नसे, ते जात्याला सांगितलं जायचं. गावात गिरणी आली, हातांना विसावा मिळाला. ओव्या मात्र कुणी उतरून घेतल्या नाहीत.

आगोट. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे चार महिन्यांची बेगमी मे महिन्यातच करावी लागते. सुकी मासळी, आमसुलं, चिंचेचे गोळे, मातीत घोळवलेल्या आठळ्या, मीठ, शेणी, लाकूडफाटा. खाणारी तोंडं किती, आले-गेले किती, हा हिशेब कधी कागदावर नव्हता. गणपतीला मुंबईकर आले तरी पानात कमी पडत नसे. कमी पडलंच, तर ते शेवटी जेवणारीच्या पानात.

रायवळ. हापूस विकायला, रायवळ घरच्यांना. झाडांना नावं असायची: खोबऱ्या, शेंदऱ्या. रस ताटात पसरून वैशाखाच्या उन्हात थरावर थर वाळवायचा, की साटं तयार. साटं आज दुकानात मिळतात. कुठल्या झाडाचा आंबा साटांना आणि कुठला लोणच्याला, हे जिला ठाऊक होतं ती गेली. बरीचशी झाडंही गेली.

इरलं. बांबूच्या कामट्या आणि पानं यांचं. लावणीला वाकलेल्या पाठीवर पावसात दिवसभर असायचं. आधी प्लास्टिक आलं, मग लावणीला वाकणारी माणसंच कमी झाली. पुष्कळ शेतं आता पड आहेत.

सहाण आणि बटवा. हळकुंड, वेखंड, जायफळ, हिरडा, मुरुडशेंग. बाळाचं वय पाहून गुटीत कशाचे किती वेढे द्यायचे, ते तिच्या बोटांना माहीत होतं.

मनीऑर्डर. पोस्टमन ओटीवर टेकायचा, ती अंगठा उठवायची. त्या पैशांत दुकानाची उधारी, मुलांची फी, सासऱ्याचं औषध, देवाचं. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि कोकणातल्या कितीतरी ओट्यांवर पोस्टमन यायचा थांबला. तेव्हा भात, नारळ आणि कोंबड्या यांवर घरं तगवली ती या बायकांनी. संपाबद्दल लिहिताना गिरणगाव आठवतं. या ओट्याही आठवायला हव्यात.

अलवण. या यादीत हे एकच गेलं ते बरं झालं. ब्राह्मण घरातल्या विधवेचं तांबडं लुगडं, केशवपन आणि माजघरातला अंधार. अशा कितीजणींनी दिरांची, पुतण्यांची मुलं वाढवली; त्यांना घरात ना वाटा होता, ना शब्द. देवरुखच्या गोदूबाई अशाच एक बालविधवा. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, तिथे त्या शिकल्या. १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला, तेव्हा कर्व्यांच्या मुरुड गावाने दोघांवर बहिष्कार टाकला. पुढे त्या बाया कर्वे झाल्या, संसार आणि कर्व्यांनी विधवांसाठी काढलेला हिंगण्याचा आश्रम, दोन्हींसाठी राबल्या. त्यांचं आत्मचरित्र ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या.

बाया कर्व्यांचं आयुष्य आपल्याला कळतं, कारण ते लिहिलं गेलं. बाकीच्या आज्यांचं लिहिलेलं काही नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या ८० हजारांहून अधिक घटली. घरांना कुलपं लागत आहेत. वस्तू एखादं संग्रहालय जपेल. त्या वापरणारीचं आयुष्य घरच्यांनीच जपायला हवं.

तुमच्या घरी कुणी ऐंशीच्या पुढची असेल, तर या खेपेला गावी जाताना वही न्या. तिच्याजवळ बसा, ती सांगेल ते तिच्याच बोलीत लिहून घ्या. आणि पहिल्या ओळीत तिचं माहेरचं नाव लिहा.